पेल्यातला भूमध्य समुद्र

आमच्या पिढीने भूमध्य समुद्र पाहिला तो भूगोलाच्या पेपरात. ‘नकाशा भरा’ या प्रश्नाला पाच गुण असत आणि निळी पेन्सिल जरा जोरात चालली की इटलीच्या बुटात पाणी शिरे. त्या समुद्रावर आपण कधी तरंगू, असं त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मास्तरांनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

हल्ली मात्र क्रूझला जाऊन न आलेलं कुटुंब आमच्या सोसायटीत शोधावं लागतं. पूर्वी काशीहून आलेली मंडळी गंगेचं पाणी वाटत. आता बार्सिलोनाहून आलेली मंडळी फोटो वाटतात. एवढाच फरक. गंगेचं पाणी एका चमच्यात संपायचं.

या समुद्रावर लेखकांनी फिरायची परंपरा तशी जुनी आहे. कलकत्त्याला जन्मलेला थॅकरे १८४४ साली पी अँड ओ कंपनीच्या आगबोटींतून इथे फिरला आणि त्यावर त्याने पुस्तक लिहिलं. त्याचं तिकीट कंपनीने दिलं होतं. १८६७ साली मार्क ट्वेन ‘क्वेकर सिटी’ या बोटीने आला. भाडं १२५० डॉलर. ते एका वर्तमानपत्राने भरलं. ही थोर परंपरा माझ्यापाशी येऊन खंडित झाली. माझं भाडं माझ्याच मुदत ठेवीने भरलं.

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून ठेव मोडायची, हे ठरलं. कोणती बोट घ्यायची, हे ठरेना. चिरंजीवांचं मत सँटोरिनी. तिथे बोट खडकाच्या पायथ्याशी थांबते, आपल्याला छोट्या होडीतून किनाऱ्याला नेतात आणि वर गावात जायला केबल कार, खेचर किंवा पाचशेच्या वर पायऱ्या असे तीन पर्याय असतात. माझ्या गुडघ्यांनी तिन्ही पर्याय एकमताने फेटाळले. माझं मत मार्सेय. आपल्या पाठ्यपुस्तकात ते ‘मार्सेलिस’ होतं आणि ८ जुलै १९१० या तारखेमुळे ते मराठी माणसाला पॅरिसपेक्षा जवळचं आहे.

हिचं मत नेपल्स. ते तिने एकदाच सांगितलं. एकदाच सांगितलेलं मत हे आमच्या घरात मत नसतं, निर्णय असतो.

याला कारण होतं. हिचे वडील वेंगुर्ल्याचे. साठीच्या दशकात ते मुंबईहून सुटणाऱ्या बोटीवर स्टुअर्ड होते. बोट नेपल्सला लागली की तिथून एक कार्ड यायचं. कार्डावर मागे डोंगर, पुढे समुद्र आणि मजकूर तीन ओळींचा, त्यातली एक ओळ मनीऑर्डर पोचली का, ही. १९६७ साली सुवेझचा कालवा बंद झाला, बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या आणि कार्डंही बंद झाली. ती सगळी कार्डं हिच्या कपाटात आहेत, माझ्या शेअर्सच्या कागदांपेक्षा नीट.

तेव्हा पश्चिमेकडचा फेरा ठरला. जिनोआहून निघायचं, मार्सेय, बार्सिलोना, मग एक दिवस नुसतं पाणी, पुढे पालेर्मो, नेपल्स, रोम आणि परत जिनोआ. सात रात्री. या फेऱ्याची गंमत म्हणजे वाटेतल्या बंदरांवरही नवे प्रवासी चढतात आणि जुने उतरतात. त्यामुळे आपला शेवटचा दिवस हा शेजाऱ्याचा दुसरा असतो. मुंबईच्या लोकलने ज्याने आयुष्य काढलं त्याला यात काही नवल वाटत नाही.

माहितीपत्रक वाचण्याची मात्र एक कला आहे. त्यात महत्त्वाचं सगळं कंसात असतं. ‘रोम (चिविताव्हेकिया)’. ‘फ्लॉरेन्स (लिव्होर्नो)’. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ वाचून ज्याने बदलापूरला जागा पाहिली आहे, त्याने हा कंस आधी वाचावा. चिविताव्हेकियाहून रोम रेल्वेने तासाभराच्या वाटेवर आहे. म्हणजे बोट रोमला लागत नाही, पनवेलला लागते. व्हेनिसचंही तेच. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या बोटींना सेंट मार्कसमोरून जायला बंदी आहे, तेव्हा ‘व्हेनिस’ लिहिलं असलं तरी आपण मार्गेरा, त्रिएस्ते की रावेन्ना, कुठे उतरणार ते विचारून घ्यावं. आणि बोट तुर्कस्तानला किंवा ट्युनिसला शिवून परत येणार असेल, तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा आत येऊ देणारा हवा. नाहीतर गेलात ते गेलातच.

खोली आम्ही आतली घेतली. आतली म्हणजे बिनखिडकीची. ती स्वस्त असते. दिवा घालवला की दुपारी तीन वाजता मध्यरात्र. सावरकर ‘मोरिया’ बोटीच्या खिडकीतून मार्सेयच्या समुद्रात उतरले; आमच्या खोलीतून उतरायचं तर आधी लिफ्टने सातव्या मजल्यावर जावं लागलं असतं.

आता खरा विषय. पेयपान.

बोटीच्या भाड्यात खाणं असतं, आणि ते इतकं असतं की दुसऱ्या दिवशी लग्नघरातला पाहुणा झाल्यासारखं वाटतं. पिणं मात्र बहुतेक बोटींवर वेगळं. आणि पिणं म्हणजे ते ‘पिणं’ नव्हे. आमच्यासारख्या युरोपीय बोटींवर रात्रीच्या जेवणाला पाण्याची बाटलीदेखील विकत. “अहो, पाणीसुद्धा?” हिने विचारलं. चारी बाजूंना क्षितिजापर्यंत पाणीच पाणी असताना हा प्रश्न तिला जास्तच झोंबला. सकाळच्या न्याहारीला मात्र चहा, कॉफी आणि पाणी फुकट. तेव्हा ही सकाळी तीन कप चहा घेऊन दिवसाची बेगमी करी.

यावर उतारा म्हणून कंपन्या पेयांचं पॅकेज विकतात. दर माणशी, दर दिवशी. अमर्याद प्या! ही आपली थाळीची कल्पना. आमच्या बोटीचं साधं पॅकेज रोज ४५ युरोंचं होतं आणि बिअरचा ग्लास ६ युरोंचा. वरवर पाहता आठ ग्लासांत पैसे वसूल. पण बारीक टाइपात तीन वाक्यं होती. एक, पॅकेज पूर्ण प्रवासाचं घ्यावं लागेल. दोन, खोलीतल्या एका प्रौढाने घेतलं तर दुसऱ्यानेही घ्यावं लागेल; कारण एकाने पॅकेज घ्यायचं आणि दोघांनी प्यायचं हा विचार जगातल्या सर्व नवरा-बायकोंना सुचतो, हे कंपनीला माहीत आहे. तीन, दारूचे पेले दिवसाला जास्तीत जास्त पंधरा.

मी कागद घेतला. दोघांचे सात दिवसांचे ४५ युरोंप्रमाणे ६३० युरो. हिची मजल लिंबूपाण्याच्या पलीकडे नाही, म्हणजे वसुलीची जबाबदारी माझ्या एकट्यावर. ६३० भागिले ६, उत्तर १०५ ग्लास. भागिले सात दिवस, बरोबर १५. म्हणजे कंपनीने घातलेली मर्यादा आणि माझ्या पैशांची वसुली हे दोन्ही एकाच ग्लासावर भेटत होते! रोज पंधरा बिअरी रिचवल्या तरच मी ना नफा ना तोटा या अवस्थेला पोचणार होतो. अर्थात त्या अवस्थेला अन्य नावंही आहेत.

शिवाय आणखी एक मेख. बोट सकाळी बंदराला लागते आणि संध्याकाळी सुटते. आमच्या सात दिवसांत अख्खा दिवस बोटीवर असा एकच. बाकी दिवसभर आपण नकाशा उलटा धरून गल्लीबोळांत. मग प्यायचं केव्हा? म्हणून पॅकेज घ्यायचं की नाही, हे आपल्या घशाला विचारण्याआधी वेळापत्रकाला विचारावं. समुद्रातले दिवस जास्त असतील तर थाळी. बंदरं जास्त असतील तर राइस प्लेट. घ्यायचंच असेल तर बोटीवर चढण्यापूर्वी घ्यावं, सहसा स्वस्त पडतं. अमेरिकन बोटींवर छापील दरावर अठरा-वीस टक्के सेवाशुल्क चढतं, तेही धरावं. उलट मरेलासारख्या इंग्रजी कंपनीच्या भाड्यात पेयं आलेलीच असतात आणि व्हायकिंगवाले दोन्ही जेवणांना वाइन-बिअर देतात. ती बोट महाग दिसते, पण बेरीज शेवटी करायची असते. किनाऱ्यावर बाटली विकत घेऊन येण्याची हुशारी करू नये. ती दारातच काढून घेतात आणि शेवटी परत देतात. देवळाबाहेरच्या चपलांसारखं.

पहिल्याच संध्याकाळी डेकवर पॅकेजचं टेबल मांडलेलं होतं. विकणाऱ्या बाई इतक्या गोड बोलत होत्या की माझा कागद मलाच खोटा वाटू लागला. इतक्यात बारमागच्या पोराच्या छातीवरचं आडनाव हिने वाचलं आणि सरळ विचारलं, “खंयचो रे तू?”

पोरगा सावंतवाडीचा निघाला. ग्लास पुसतापुसता हळूच म्हणाला, “काकानू, घेव नकात तां. दोन बिअरीचे माणूस तुम्ही.” माझी अर्ध्या तासाची आकडेमोड त्याने तोंडाकडे बघून केली होती. आम्ही पाण्याच्या बाटल्यांचा संच तेवढा घेतला.

नेपल्स सहाव्या दिवशी आलं. ही पहाटे पाचला डेकवर, स्वेटरवर शाल. व्हेसुव्हियस १९४४ नंतर भडकलेला नाही. कार्डावर होता तसाच होता. ती बराच वेळ बोलली नाही. चाळीस वर्षांत मीही थोडं शिकलो आहे. मीही बोललो नाही.

गावात कॉफीच्या दुकानात गेलो. इटलीत उभ्याने प्यायली तर कॉफी स्वस्त, बसलात तर महाग, तेव्हा उभेच राहिलो. नेपल्समध्ये एक जुनी रीत आहे. एक कॉफी पिऊन दोनचे पैसे द्यायचे. दुसरी कॉफी मागाहून येणाऱ्या कुणा गरजूची. तिला ‘सोस्पेसो’ म्हणतात, म्हणजे टांगून ठेवलेली. मी हे वाचलेलं हिला सांगितलं. तिने पर्स उघडून तिसऱ्या कॉफीचे पैसे काउंटरवर ठेवले. “आप्पा इथे उतरत असतील तेव्हा कुणी दिली असेल,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रोम. तिथे रस्त्यारस्त्यावर १८७४ पासूनचे लोखंडी नळ आहेत, थंड पाणी, अखंड, फुकट. हिने बोटीवरच्या सगळ्या रिकाम्या बाटल्या पिशवीतून आणल्या होत्या. त्या भरताना तिच्या चेहऱ्यावर कोलोसियम पाहतानाही नव्हतं असं समाधान होतं.

रात्री बिल. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. एक कार्ड दाखवायचं आणि प्यायचं, त्यामुळे आठवडाभर सगळं फुकटच वाटतं. बिअरी सहा, ३६ युरो. पाण्याचा संच २०. हिचं एक लिंबूपाणी ४. झाले ६०. त्याखाली सेवाशुल्क, दर माणशी रोज १२ प्रमाणे १६८.

जेवणाच्या टेबलावर आमच्याबरोबर एक निवृत्त बँकवाले असत. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “काउंटरवर जा, अर्ज करा, हे काढून टाकतात. मी काढलं.” बऱ्याच बोटींवर हे करता येतं, हे खरं. १६८ युरो म्हणजे लहान रक्कम नव्हे. मी हिच्याकडे पाहिलं.

“उतरणारे लोक टेबलावर काय ठेवून जातात, त्यावर आमच्या शाळेची फी जायची,” ही म्हणाली. मग बँकवाल्यांकडे वळून, अगदी आदराने, “तुम्ही काढलंत का, भाऊ?” बँकवाल्यांना एकदम आइस्क्रीम आणायचं आठवलं.

खोलीत आल्यावर मी जरा ताठ्याने म्हणालो, “पॅकेज घेतलं नाही म्हणून पाचशे सत्तर युरो वाचले, लक्षात आलं का?”

“वाचले ना?” ती बॅग भरताभरता म्हणाली. “मग द्या इकडे.”