खिडकीचा गज

नव्वदच्या दशकात पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात डिशची छत्री एकाच घरावर. झी टीव्हीवर डेरेक ओब्रायनचं 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' लागलं की आम्ही पोरं त्या घराच्या खिडकीला लटकायचो. बोर्नव्हिटा कुणी चाखला नव्हता, ती गोष्ट वेगळी. प्रश्न इंग्रजीत. 'कॅपिटल' म्हणजे राजधानी, हे माझ्या जोडीदारानंच सांगितलेलं. टीव्हीतल्या पोरांनी बझर दाबायच्या आत तो खिडकीचा गज वाजवून उत्तर द्यायचा.

"आरं, गज तोडता का काय!" आतून काकू ओरडायच्या.

दिवाळीच्या तोंडावर तो आईबापासंगं ऊसतोडीला गेला. नंतर एकदा 'कॅपिटल' अन् 'नेपाळ' एवढंच कानावर पडलं. काठमांडू मलाही येत होतं. हात गजावर होता, वाजवला नाही.