ग्रुपवर गप्प झालेली माणसं

१९६१ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या जीन निडेच या गृहिणीचं वजन ९७ किलो होतं. शहराच्या आरोग्य खात्याने चालवलेल्या लठ्ठपणाच्या क्लिनिकमध्ये तिला आहाराचा तक्ता मिळाला. तो पाळल्यावर वजन उतरूही लागलं. पण चोरून बिस्किटं खायची सवय काही सुटेना, आणि क्लिनिकमधल्या बाईंना हे सांगायची तिला लाज वाटे. शेवटी तिने आपल्यासारख्याच जाड असलेल्या सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि त्यांच्यापुढे सगळं कबूल करून टाकलं. मग त्याही आपापली लपवाछपवी सांगू लागल्या. दर आठवड्याला भेटायचं ठरलं. पुढच्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जीन ६४ किलोंवर आली होती. १९६३ मध्ये या बैठकांमधून ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी उभी राहिली आणि १९७८ मध्ये हाइन्झ या बड्या खाद्यकंपनीने ती विकत घेतली.

जीन डॉक्टर नव्हती, आहारतज्ज्ञही नव्हती. मैत्रिणींना तिने दिलेला तक्ता क्लिनिकचाच होता. फरक पडला तो तक्ता पाळताना सोबत कोण आहे, याने.

ही कल्पना सुचलेली ती पहिली बाई नव्हे. १९४८ मध्ये मिलवॉकी शहरात एस्थर मान्झ हिने आपल्या स्वयंपाकघरात काही मैत्रिणींना याच कामासाठी जमवलं होतं. गरोदर बायकांच्या वर्गात त्या एकमेकींना किती धीर देतात, हे तिने अनुभवलं होतं. तिची ‘टॉप्स’ ही संस्था ना-नफा तत्त्वावर आजही चालते.

आहारतज्ज्ञ म्हणून मला या दोन संसारी बायकांचं काम फार मोलाचं वाटतं. कारण काय खावं हे कळत नाही म्हणून अडलेली माणसं माझ्याकडे कमीच येतात. तळलेलं कमी, भाज्या आणि डाळी जास्त, साखर आवरती, रात्रीचं जेवण लवकर, हे बहुतेकांना पाठ असतं. पहिले काही आठवडे ती नेमाने येतात. मग एखाद्या लग्नसराईत किंवा आजारपणात नेम मोडतो, काटा वर सरकतो आणि माणूस यायचंच थांबतो. फोन केला तर ‘दोन किलो कमी झाले की येते’ असं उत्तर मिळतं. वजन वाढलेल्या आठवड्यातच मदतीची खरी गरज असते आणि नेमका तोच आठवडा माणूस एकट्याने काढतो. चांगल्या गटाचं पहिलं काम म्हणजे ही गप्प होण्याची वेळ ओळखणं.

संशोधनातही हेच दिसतं. पिट्सबर्गमध्ये रीना विंग आणि रॉबर्ट जेफ्री यांनी १६६ जणांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जण एकटे आले होते, काही जण तीन मित्रांना किंवा नातेवाइकांना घेऊन. एकटे येऊन नेहमीचा उपचार घेणाऱ्यांपैकी ७६ टक्क्यांनी चार महिन्यांचा कार्यक्रम पुरा केला. मित्रांसह आलेल्या आणि एकमेकांना आधार देण्याची जोड मिळालेल्या गटात हे प्रमाण ९५ टक्के होतं. त्यानंतरच्या सहा महिन्यांत उतरलेलं वजन पूर्णपणे टिकवणाऱ्यांतली तफावत तर डोळ्यांत भरण्यासारखी होती: पहिल्यांत २४ टक्के, दुसऱ्यांत ६६ टक्के.

मित्र प्रत्यक्ष भेटणारे नसतील तर? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जीन हार्वी-बेरिनो आणि सहकाऱ्यांनी ४८१ जणांना तीन गटांत विभागलं. समोरासमोर बैठका घेणाऱ्यांचं वजन सहा महिन्यांत सरासरी ८ किलोंनी उतरलं, केवळ इंटरनेटवर भेटणाऱ्यांचं साडेपाच किलोंनी, तर दोन्हींचा मेळ घालणाऱ्यांचं ६ किलोंनी. प्रत्यक्ष भेटीची बरोबरी पडद्याला करता आली नाही. तरीही ८० किलोंच्या माणसाचं साडेपाच किलो उतरणं म्हणजे जवळपास ७ टक्के घट. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी अमेरिकेतल्या २००२ च्या गाजलेल्या मधुमेह प्रतिबंध अभ्यासात ७ टक्क्यांचंच उद्दिष्ट ठेवलं होतं. आहार आणि व्यायाम सांभाळणाऱ्या त्यातल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं.

हार्वी-बेरिनोंच्या ऑनलाइन गटांत माणसं नुसती एकत्र सोडून दिलेली नव्हती. दर आठवड्याला ठरल्या वेळी गप्पा होत, त्या चालवायला प्रशिक्षित व्यक्ती असे, आणि खाल्ल्याची नोंद प्रत्येकाने करायची असे. आपल्याकडचे बरेचसे ग्रुप नेमके इथे कमी पडतात.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांच्या छायाचित्रासह स्वतःचीच तुलना मांडली. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचा २२.३ होता. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय माणसाच्या अंगातही भरपूर चरबी असू शकते, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखवलं. म्हणून आपल्या गटांत किलोंइतकीच कमरेच्या घेराची नोंद महत्त्वाची. भारतीयांसाठी धोक्याची रेषा पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर मानतात. मोजायला शिवणकामाची टेप पुरते.

महाराष्ट्रात ऑनलाइन सोबतीची लाट उसळली ती २०१८ च्या आसपास. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत मांडली. व्याख्यानांचे व्हिडिओ घरोघरी पोचले आणि व्हॉट्सअॅपवर ग्रुपमागून ग्रुप निघाले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी बारा आठवड्यांचा ऑनलाइन उपक्रम घेतला. त्यांचं सांगणं थेट उलट होतं: थोड्या थोड्या वेळाने, घरचं, पारंपरिक अन्न खा. ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद वर्तमानपत्रांपासून लग्नाच्या पंगतींपर्यंत रंगला. या वादात एक साम्य झाकलं गेलं. सल्ले परस्परविरोधी असले, तरी दोन्हीकडे माणसं अनोळखी लोकांसोबत सुरुवात करत होती आणि एकमेकांना विचारत होती, ‘तुमचं कसं चाललंय?’

या प्रश्नाची सर्वांत जास्त गरज घरात रांधणाऱ्या बाईला असते. पातेल्यात उरलेला भात, मुलाने ताटात टाकलेली अर्धी पोळी, ‘टाकायचं कसं’ म्हणून तिच्याच पोटात जाते. पाहुण्यांसाठी केलेला शिरा चाखायचा तिनेच, आणि सासरच्या आग्रहाला नाही म्हणायचं तेही तिनेच. अशा बाईला तक्ता देऊन भागत नाही. उरलेल्या भाताला सकाळी फोडणी द्यायची, पोळ्या मोजून लाटायच्या, आधी स्वतःचं ताट वाढून घ्यायचं आणि नंतर पातेल्यात हात घालायचा नाही, या युक्त्या तिला दुसरी गृहिणीच सांगते. इचलकरंजीच्या बाईची अडचण न्यू जर्सीतल्या मराठी बाईला एका वाक्यात कळते. इथे पडद्यावरची ओळखही पुरते. उलट, नात्यातल्या बायकांपुढे जे बोलता येत नाही ते अनोळखी बायकांपुढे बोलता येतं.

पण हाच ग्रुप घातही करू शकतो, आणि हे स्पष्ट सांगणं मला कर्तव्य वाटतं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने ग्रुपवर वाचून अचानक जेवणं कमी केली आणि औषध तेवढंच ठेवलं, तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाते. घाम, थरथर, गोंधळ, प्रसंगी बेशुद्धी. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच, आणि तोही जेवण बदलण्याआधी. २०२५ मध्ये वजन उतरवणारी टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं भारतात या उपचारासाठी मिळू लागली, तेव्हापासून ‘तुम्ही किती घेता?’ हा प्रश्न ग्रुपवर विचारला जाऊ लागला. त्याचं उत्तर दुसऱ्या सभासदाने कधीही देऊ नये. पावडरी आणि चूर्णं विकणारा ग्रुपचा चालक झाला की सल्ला आणि विक्री वेगळी काढता येत नाही. तो ग्रुप सोडावा.

दुसरा धोका तुलनेचा. पहिल्या आठवड्यात कुणाचं तीन किलो उतरतं, कुणाचं अर्धा. आहार कमी झाल्यावर शरीर आधी यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन वापरतं. त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही निघून जातं. सुरुवातीच्या मोठ्या आकड्यात या पाण्याचा वाटा बराच असतो. पाळीच्या आधी पाणी धरल्याने बायकांचा काटा वर दिसतो. हे सांगणारं कुणी ग्रुपवर नसेल, तर अर्धा किलो उतरलेली बाई स्वतःला नापास ठरवते आणि गप्प होते.

केरळमध्ये अशा गटांची मोठी चाचणी झाली. मधुमेहाचा धोका असलेल्या १००७ जणांपैकी निम्म्या वस्त्यांमधल्या लोकांचे गट केले आणि त्यांच्यातल्याच काहींना प्रशिक्षण देऊन गटप्रमुख नेमलं. दोन वर्षांत नव्याने मधुमेह झालेल्यांचं प्रमाण या गटांत १४.९ टक्के राहिलं, इतरांत १७.१. संख्याशास्त्राच्या निकषावर हा फरक ठाम म्हणता आला नाही. मात्र फळं-भाज्या खाण्यात आणि दारू कमी करण्यात सुधारणा दिसली. गट म्हणजे रामबाण नव्हे, हे यावरून कळतं. योग्य आहार, औषध आणि तपासणी यांची जागा तो घेऊ शकत नाही.

मी जे गट बांधायला मदत करते, त्यांच्यासाठी काही नियम आता पक्के केले आहेत. गट लहान ठेवायचा, दहा-बारा जणांचा. व्हॉट्सअॅपवर आज १०२४ सभासद मावतात, पण एवढ्यांत कुणी बोलेनासं झालं तर कुणाला पत्ता लागत नाही. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या सकाळी, वाढलं असलं तरी टाकायचं. त्यावर शाबासकीही नको, उपदेशही नको. या आठवड्यात काय अडलं, एवढंच विचारायचं. औषधांची चर्चा बंद. आणि प्रत्येक सभासदाची एक जोडीदार: दोन आठवडे नोंद आली नाही, तर तिने ग्रुपवर न विचारता थेट फोन करायचा.

दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत बहुतेक ग्रुप थंडावतात. चकली, करंजी, अनारसे खाल्ले म्हणून काटा चढतो आणि शरमेने माणसं दिसेनाशी होतात. फराळ खावा, आवडीने खावा. फक्त भाऊबीजेनंतरच्या पहिल्या सोमवारी सगळ्यांनी काट्यावर उभं राहावं, दिसेल तो आकडा ग्रुपवर टाकावा आणि ज्यांचा आकडा आला नाही, त्यांना त्याच संध्याकाळी फोन लावावा.