लाल टोपी

बदली आणि मधुमेह ही दोन्ही सरकारी नोकराच्या वाट्यास न मागता येतात, आणि एकदा आली म्हणजे दोहोंशीही जुळवून घ्यावे लागते. २०१४ साली आमची गुवाहाटीस बदली झाली तेव्हा आमच्या मधुमेहास सहा वर्षे झाली होती. सकाळ-सायंकाळ सोळा युनिट इन्शुलिन टोचून घेणे हे संध्येसारखे नित्यकर्म होऊन बसले होते; फरक इतकाच, की संध्या आम्ही केव्हाच सोडली होती!

नागपूरहून कोलकात्यामार्गे विमानाने जावयाचे होते. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असली म्हणजे औषध व सुया हातच्या पिशवीतून नेता येतात, हे आम्हांस ठाऊक होते. तरीही तपासणीच्या वेळी चार लोकांत शोभा नको, म्हणून आम्ही ती पुरचुंडी मोठ्या बॅगेत स्वेटरच्या घडीत दडवली. भीड ही भिकेची बहीण, असे आमची आई म्हणे. तिचे आणखीही काही नातलग असावेत.

आम्ही गुवाहाटीस पोहोचलो. बॅग पोहोचली नाही. 'उद्या येईल' असे गोड शब्दांत सांगण्यात आले. आम्हीही कचेरीत लोकांस असेच सांगत आलो असल्यामुळे त्याचा अर्थ लगेच उमगला.

रात्री आठ वाजता औषधाचे दुकान शोधून काढले. आमच्याच नावाच्या इन्शुलिनची कुपी मिळाली. एक सिरिंज चष्म्याच्या घरात राहिली होती, तेव्हा आता काळजी मिटली, असे समजून आम्ही पाठ फिरवली. इतक्यात दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी हाक मारली, "साहब, सिरिंज कौन-सी है?" आम्ही ऐटीने ती दाखवली. तिची टोपी लाल होती. त्यांनी काही न बोलता कुपी परत मागून घेतली.

आपल्या देशात कुपीतले इन्शुलिन मुख्यतः दोन ताकदींचे विकले जाते: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचे आणि १०० युनिटचे. लाल टोपीची सिरिंज चाळीसच्या मापाची, नारिंगी टोपीची शंभराच्या. आमच्या हातची कुपी शंभराची होती. लाल टोपीच्या सिरिंजेत सोळाच्या रेघेपर्यंत ती भरली असती, तर अंगात सोळा नव्हे, चाळीस युनिट गेले असते. आणि अतिथिगृहाच्या त्या खोलीत आम्ही एकटेच होतो. गृहस्थांनी नारिंगी टोपीच्या सिरिंजेचे पैसे घेतले. सल्ल्याचे घेतले नाहीत.

बॅग तिसऱ्या दिवशी आली. आतली कुपी तळव्यांत कितीही घोळवली तरी औषध एकसारखे दुधाळ होईना. काचेला कण चिकटून राहिले. सामानाच्या कोठीत ते गोठले की धक्क्यावर उन्हात तापले, देव जाणे. गोठलेले इन्शुलिन वितळले तरी कामाचे राहत नाही. कुपी फेकून दिली.

त्यानंतर मात्र आमची भीड चेपली. औषध, सिरिंजा, चिठ्ठी, साखर आणि बिस्किटे यांची पिशवी आता मांडीवर असते. बर्फाची थैली औषधास लागू नये म्हणून मध्ये पंचा घालण्याचे काम सौभाग्यवतींकडे आहे.

गेल्या खेपेस तपासणीच्या जवानाने पिशवी उघडली, सिरिंज पाहिली आणि हळूच म्हणाला, "मेरी माँ भी लेती है।" आम्ही विचारले, टोपी कोणत्या रंगाची? त्याला ठाऊक नव्हते. मग आम्ही त्यास लाल-नारिंगीचा सारा हिशेब समजावून दिला. मागची रांग बरीच खोळंबली.