चार सीमा आणि लपवलेला डबा



दिवाळीच्या सुट्टीत नात पुण्याहून मालवणला आली ती जिओकॅशिंगचं वेड घेऊनच. कोणीतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो आणि इतरांनी तो जीपीएसवर शोधायचा. आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची, डबा होता तसा ठेवून यायचं. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी वापरातली मुद्दाम ठेवलेली चूक काढली. त्यानंतर लगेच, ३ मे रोजी, ऑरेगन राज्यात डेव्ह अल्मर यांनी या खेळातली पहिली वस्तू लपवली.

नातीला सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायचं होतं. माझी अडचण वेगळीच. चातुर्मासात मी देशव्रत घेते. यंदाच्या सीमा अशा: उत्तरेला कोळंबची खाडी, दक्षिणेला देवबागला कर्ली नदीचं मुख, पूर्वेला मुंबई-गोवा महामार्ग, पश्चिमेला समुद्राचा काठ. किल्ला कुरटे बेटावर, म्हणजे पाण्यापलीकडे. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत होडीत पाय ठेवायचा नाही.

"आजी, अगं समोर तर दिसतोय!"

दिसतो म्हणून सीमा पुढे सरकत नाही, असं मी म्हटलं खरं, पण तिचा उतरलेला चेहरा बघवेना. वर्षातून एकदा येते पोरगी. माझ्या व्रतापायी तिला धर्माचाच कंटाळा यायचा, ही धास्तीही होतीच.

मग तिला रत्नकरंडक श्रावकाचारातलं सांगितलं. दिग्व्रताच्या सीमा समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश नाहीतर योजनांनी ठरवाव्यात, असं समंतभद्राचार्य सांगतात. सगळ्यांना ठाऊक असलेल्या खुणा. ती एकदम म्हणाली, "म्हणजे जिओफेन्स!" शब्द मला नवा, अर्थ मात्र लगेच कळला. तिने माझ्या चारही सीमा फोनच्या नकाशावर आखल्या आणि खेळ त्यांच्या आत खेळायचा ठरला.

आकड्यांची मला भीती नाही, बी.कॉम. आहे मी. मालवण साधारण १६ अंश ३ मिनिटं उत्तर, ७३ अंश २८ मिनिटं पूर्व. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थानावर एकाचा फरक पडला तर जमिनीवर दोन मीटरही होत नाहीत. पण फोनच काही मीटर चुकतो, माडाखाली आणखी. शेवटची दहा-पंधरा पावलं डोळ्यांनीच शोधायची.

इथे मी एक नियम घातला. मुनींची ईर्यासमिती, चार हात जमीन बघत चालणं, आपल्याला पूर्ण जमत नाही. पण फोन बघायचा तर थांबून बघायचा आणि चालताना जमीनच बघायची. मुंग्यांची रांग तिला माझ्याआधी दिसायला लागली!

फोन नसला तरी अडत नाही. इंग्लंडात डार्टमूरच्या माळावर १८५४ मध्येच लोक बाटलीत आपली नावाची कार्डं ठेवून येत असत. आम्हीही पहिल्या दिवशी चिठ्ठ्याच केल्या: विहिरीपासून उत्तरेला चाळीस पावलं, मग दोन माडांच्या रेषेत पूर्वेला. होकायंत्र पुरलं. तुम्हाला सुरुवात करायची तर अशीच, अंगणातून करा. गुडघ्यांनाही बरं.

दुसऱ्या दिवशी खरा डबा. घट्ट झाकणाचा, आत वही आणि पेन्सिल, कारण दमट हवेत शाई पसरते. खाऊ ठेवायचा नाही आणि खणून पुरायचा नाही, हे त्या खेळाचेच नियम. मला सांगावे लागले नाहीत. वाळूत तर नकोच, थंडीत आपल्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात. किल्ला संरक्षित स्मारक, तिथे डबा पुढेही ठेवायचा नाही. शेवटी शेजारच्या वहिनींना विचारून त्यांच्या वाडीच्या गडग्यातल्या पोकळीत ठेवला. आत कोणाचं घरटं नाही ना, ते आधी बॅटरीने पाहिलं.

डब्यात छोट्या वस्तूही ठेवतात. एक घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. नातीने विचारलं, हे अदत्तादान का? ठेवणाऱ्यानेच दिलेली वस्तू, म्हणून नाही, असं मी म्हटलं. पण काही न घेता नुसतं नाव लिहून आलं तरी चालतं, हे मला जास्त आवडलं.

पौर्णिमेला सीमा सुटली तेव्हा नात पुण्याला पोचली होती. किल्ल्याची होडी आता उन्हाळ्याच्या सुट्टीत. वहीत सध्या तीन नावं आहेत: नातीचं, माझं आणि परवा कुतूहल न आवरलेल्या वहिनींचं.