झाडून आणा, घासून नको

ब्रश विकत घेताना माणसाला विचार करावा लागतो, ही गोष्ट वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत मला कोणी सांगितली नव्हती. दातांचा असो, बुटांचा असो की कपड्यांचा. दुकानदार पुढे टाकील तो उचलावा आणि पैसे द्यावेत, एवढाच माझा शिरस्ता. पण गेल्या फाल्गुनात एका ब्रशासाठी मी सेलूच्या बाजारात तीन दुकाने हिंडलो आणि शेवटी एकाऐवजी चार ब्रश घेऊन घरी आलो. त्यांतला एकही कामाचा निघाला नाही, ही पुढची हकिकत.

याला निमित्त झाला दादाचा फोन. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पुण्याला असतो. आम्हां दोघांत सहा वर्षे बोलणे नव्हते. कारण शेताच्या बांधाचे. मराठवाड्यात हे कारण याहून अधिक फोडून सांगावे लागत नाही. तर त्या संध्याकाळी फोन वाजला आणि दादा जणू काल रात्रीचेच बोलणे पुढे चालवावे तसा म्हणाला, “सुमीचा साखरपुडा ठरलाय अक्षय्य तृतीयेला. बैठकीला आजोबांचा गालिचा हवा. नीट धुऊन घे तेवढा.”

मी मराठीचा प्राध्यापक. ‘नीट’ हे क्रियाविशेषण मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. पण ते इतके झोंबू शकते याची कल्पना नव्हती. नीट धुऊन घे म्हणजे काय? आम्ही तो नीट ठेवला नाही, असेच ना?

खरे सांगायचे तर ठेवला नव्हताच. वडील गेल्यापासून गालिचा गुंडाळून माळ्यावर पडला होता. आमच्या आजोबांची सेलूत कापसाची आडत होती. त्या वेळी सेलू निजामाच्या राज्यात, आणि वरंगळही त्याच राज्यात. आजोबा कामासाठी तिकडे गेले असता १९४४ साली त्यांनी हा नऊ फूट बाय सहा फूट लोकरीचा गालिचा आणला. किती पडला, हे त्यांनी आजीला कधीच सांगितले नाही. “हाली शिक्क्यात दिले,” एवढेच म्हणत. निजामाचा हाली रुपया इंग्रजी कलदारापेक्षा हलका. तेव्हा रक्कमही हलकीच असणार, असे आजीने समजून घ्यावे हा त्यातला डाव. वरंगळचे नाव मात्र हलके नव्हते. १८५१ साली लंडनला जे मोठे प्रदर्शन भरले, त्यात तिथले गालिचे मांडले होते. हे आजोबा पाहुण्यांना इतक्या वेळा सांगत, की लहानपणी मला आमचाच गालिचा लंडनला जाऊन आला आहे असे वाटे.

जुन्या वाड्यात तो सोप्यावर अंथरलेला असे. वर माळवद, त्याची पांढरी माती बारा महिने भुरुभुरु गळायची. खालून पायांबरोबर काळी माती यायची, आणि आडतीवरून येणाऱ्या माणसांच्या धोतरांना चिकटून कापसाची सूक्ष्म तुसे. पन्नास वर्षांची ही पुंजी पोटात घेऊन तो गालिचा आमच्या आजच्या सिमेंटच्या घरात आला होता.

सेलूत गालिचे धुणारे कोणी नाही. छत्रपती संभाजीनगरला एक गृहस्थ चौरस फुटावर पैसे घेऊन धुतात, असे कळले. चोपन्न चौरस फूट. हिशेब परवडण्यासारखा होता. मग ब्रश कशाला हवा? हाच प्रश्न आमच्या सौभाग्यवतीने विचारला. मी म्हटले, “इतका घाण गालिचा परक्या माणसापुढे कसा टाकायचा? थोडा घासून नेऊ.” ती म्हणाली, “भांडेवाली यायच्या आधी भांडी विसळून ठेवणाऱ्या बायका असतात, तसं चाललंय तुमचं.” मनात असे, की तो धुणारा उद्या पुण्याला फोन करून माझी चहाडीच सांगणार आहे.

पहिल्या दुकानात कपड्यांचा नायलॉनचा ब्रश मिळाला. दुसऱ्यात काथ्याचा, फरशीसाठी असतो तसा. तिसरे दुकान लोखंडी सामानाचे. तिथे गल्ल्यावर माझा जुना विद्यार्थी. “सर, काय घासायलात?” मी सांगितले. त्याने गंज काढायचा तारेचा ब्रश पुढे ठेवला. “याच्यापुढं काहीच टिकत नाही, सर.” गालिचासुद्धा टिकणार नाही, हे त्याच्याही लक्षात आले नाही आणि माझ्याही. त्यावर त्याने लांब दांड्याचा प्लास्टिकचा एक ब्रश गुरुदक्षिणा म्हणून फुकट दिला.

रविवारी सकाळी अंगणात गालिचा उलगडला. खिडकीकडे जो कोपरा असायचा, तिथे हाताच्या पंजाएवढा निळसर काळा डाग आहे. तो डाग शाईचा. मी चौथीत असताना दौत लवंडली, आणि पायाजवळ ती सापडली म्हणून वडिलांच्या छडीचा प्रसाद मला मिळाला. दादाच्या पाहुण्यांपुढे आधी हा डाग नको, म्हणून तिथूनच आरंभ केला. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि नायलॉनचा ब्रश. मी पुढेमागे, गोल गोल, कोपर दुखेपर्यंत घासले. फेस आधी पांढरा आला, मग तांबूस, मग चिखलाच्या रंगाचा. डाग होता तिथेच राहिला. वाळल्यावर पाहतो तो त्या जागेची लव नाहीशी होऊन एक कडक, दाट पापुद्रा झालेला. बोट फिरवले तर चक्क घोंगडीसारखे लागले.

आणि ती घोंगडीच होती म्हणा ना! लोकरीच्या तंतूवर माशाच्या अंगावर असतात तसे बारीक खवले असतात. ऊन पाणी, साबण आणि घर्षण मिळाले, की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. यालाच नमदा म्हणतात. घोंगडी विणणारा हे जाणूनबुजून करतो, वर चिंचोक्याची खळही देतो, कारण त्याला पाऊस अडवायचा असतो. मला पाऊस अडवायचा नव्हता. शिवाय कपड्यांच्या पावडरीतला क्षार सुताला चालतो, लोकरीला सोसत नाही. तांबूस फेस म्हणजे उतरलेला रंग होता. हे सारे मी नंतर वाचले. प्राध्यापक लोक बहुधा नंतरच वाचतात.

तरी हौस फिटली नव्हती. शेजाऱ्यांकडे धूळ ओढण्याचे यंत्र आहे, ते मागून आणले. या यंत्राची कथा मोठी गमतीची आहे. १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट बूथ या इंजिनियराने ते काढले, तेव्हा ते एवढे अवजड होते की घोड्यांच्या गाडीवर आणून रस्त्यात उभे करीत आणि खिडक्यांतून लांब नळ्या आत सोडीत. त्याच्याआधीची यंत्रे धूळ फुंकून उडवीत. बूथने म्हटले, फुंकण्यापेक्षा ओढून का घेऊ नये? हे मी घरच्यांना समजावून सांगत असतानाच यंत्राच्या फिरत्या ब्रशाने गालिच्याच्या काठच्या दशा ओढून घेतल्या. बटण बंद करून, कात्री न लावता, एकेक दशा सोडवण्यात दुपार गेली.

संध्याकाळी मी निमूटपणे संभाजीनगरच्या त्या गृहस्थांना फोन केला आणि कोणता ब्रश वापरू म्हणून विचारले. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, “सर, घासू नका. झाडून आणा. घासायचं काम आमचं.”

आई पलंगावरून ऐकत होती. वय ब्याऐंशी. ती एवढेच म्हणाली, “मी सकाळीच सांगणार होते. पण तू विचारलंस कुठं?”

आपल्या भाषेत या कामांना किती शब्द आहेत! झाडणे, झटकणे, थापटणे, बडवणे, पुसणे, घासणे, खरवडणे. खराटा वेगळा, केरसुणी वेगळी, कुंचा वेगळा, धोपाटणे वेगळे. मी ते परीक्षेत समानार्थी म्हणून विचारीत आलो. आईच्या लेखी त्यांतले कोणतेही दोन सारखे नाहीत, आणि त्यांना क्रमही आहे.

दुसऱ्या दिवशी तिने अंगणात सावलीच्या बाजूला खुर्ची मांडून घेतली. दिवसभर उन्हात टाकला तर रंग विटतो, म्हणून ही जागा. आधी खाली जुने धोतर अंथरून त्यावर गालिचा पालथा घालायला लावला. पालथा का, तर रेती लवेच्या मुळाशी, गाठींच्या तोंडाशी बसलेली असते. वरून मारले तर ती आणखी आत जाते, पाठीवर थापटले तर खाली गळते. मी धोपाटणे घेतले. “ते ठेव. त्यानं ताणा तुटतो. तुझ्या वडलांची छडी आण.” होय, तीच छडी. चाळीस वर्षांनी ती माझ्या हातात आली. “मारायचं नाही. थापटायचं.”

थापटले, गालिचा हलकेच उचलून बाजूला घेतला, धोतरावरची माती गोळा केली, पुन्हा पालथा घातला. असे सात वेळा. पहिल्या खेपेला जी माती पडली ती पाहून मला घाम फुटला, कारण कालच्या पाण्याने हिचे काय केले असते ते कळले. आमची काळी माती कोरडी असेतो पावडर. पाणी लागले की फुगते आणि चिकटते. न झाडता सगळा गालिचा भिजवला असता तर गाठीगाठीत चिखल भरून बसला असता, आणि मग धुणाऱ्याचेही हात टेकले असते. शिवाय त्या मातीतले रेतीचे कण धारदार असतात. पाय पडला की लोकर कापतात, आणि ब्रश फिरवला की तेच.

मग गालिचा उताणा. आईने मला डोळे मिटून त्यावर तळहात फिरवायला सांगितले. एका दिशेने गेलो तर मांजराच्या पाठीसारखे मऊ, उलट गेलो तर खरखरीत. मऊ लागते त्या दिशेनेच झाडायचे. कशाने? फार नवी केरसुणी नको, तिचा भुसा गळतो. फार जुनी नको, तिचे बुडखे टोचतात. गेल्या लक्ष्मीपूजनाला पुजलेली आमची केरसुणी फाल्गुनापर्यंत बरोबर अर्धी झिजली होती. माझे चार ब्रश ओट्यावर रांगेत बसून हे पाहत होते.

शेवटी पांढरे फडके गार पाण्यात पिळून तांबड्या वेलबुट्टीवर मिनिटभर दाबून धरले. फडक्यावर फिकट गुलाबी छाप उमटला. रंग कच्चा आहे, हे धुणाऱ्याला आधी सांगायला हवे, म्हणून ते फडके मी गालिच्याबरोबर द्यायला बाजूला ठेवले.

गोळा झालेली माती स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. एक किलो चारशे ग्रॅम. टाकण्याआधी आईने त्यात बोटे फिरवली. सरकीचे दाणे, ज्वारी, कुणाच्या तरी लग्नाच्या अक्षता आणि पाटीवरच्या पेन्सिलीचे तेरा तुकडे. हे तुकडे आमच्या दोघांचे. पेन्सिल मोडली की पुरावा गालिच्यात दाबून टाकायचा, अशी आमची रीत होती.

रात्री मी दादाला फोन लावला. म्हटले, “एक कोपरा माझ्या हातून खराब झालाय. घासला मी. लव गेली.”

“कोणता कोपरा?”

“खिडकीकडचा. शाईचा डाग काढायला गेलो.”

बराच वेळ तो काही बोलला नाही. मला वाटले, आता बांध निघणार. मग म्हणाला, “निघाला का डाग?”

“नाही.”

“ती दौत मी लवंडली होती रे. तू शेजारी झोपला होतास. मी तुझ्या पायाशी सरकवली.”

काय बोलावे ते मला सुचेना. पेन्सिलींचे तुकडे वाटीत समोरच होते. तेरा निघाले, एवढे मी सांगितले. तो हसला. मग म्हणाला, “गालिचा परस्पर धाडू नकोस. शनिवारी मी येतो. तिथून दोघं मिळून नेऊ धुवायला.”

आईने जुने लुगडे काढून ठेवले. गालिचा घडी घालून नव्हे, लवेच्या दिशेने सुरळी करून त्यात बांधायचा, असे तिने बजावले. मग दिवा मालवता मालवता विचारले, “कोणत्या गाडीनं येणार म्हणाला?”