आयर्विन पूल ते गोमुख, एकट्यानं

अहो, नदी चढत जाता येते! मोटरसायकलवर, एकट्यानं, सांगलीपासून थेट महाबळेश्वरापर्यंत! मी जाऊन आलोय आणि भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय.

आम्हा सांगलीकरांना कृष्णा कळते ती फुटांत. 1929 साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं, कोयनेतून किती क्युसेक सोडलं, एवढंच. 2019 च्या ऑगस्टमध्ये पातळी 57 फुटांवर गेली, तेव्हा तर दुसरा विषयच नव्हता. पण ही बाई येते कुठून, हे टाकी भरून बघायला कधी गेलो नव्हतो.

आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका. दोन्हीकडं ऊस, रस्ता सरळसोट. महामार्गाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ट्रक शेजारून गेला की हँडल घट्ट धरायचं. कराडला कोयना ओलांडली, साताऱ्याजवळ वेण्णा. पाचवडला वळून वाईत शिरलो आणि ढोल्या गणपतीच्या घाटावर थबकलो. कृष्णा एवढीशी?

आणि मग पसरणीचा घाट! चौथा, तिसरा, दुसरा, पुन्हा तिसरा. वळणावर गाडी आपसूक कलते, खाली धोम धरणाचं पाणी चमकतं, अंगाला गार वारं झोंबायला लागतं. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर, महाबळेश्वर 1350 च्या वर. हा फरक भूगोलात पाठ केला होता, तो इथं कानात दडे बसून कळला. हेल्मेटच्या आत मी चक्क ओरडत होतो. मागच्या सीटवरून 'हळू, हळू' म्हणणारं कुणी नव्हतं ना!

क्षेत्र महाबळेश्वरी, पंचगंगा मंदिरात दगडी गोमुखातून पाणी पडतं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचा उगम इथलाच मानतात. आणि एकदम ट्यूब पेटली! सकाळी पुलावरून ओलांडलेल्या त्या दोघी इथल्याच. वेगवेगळ्या दऱ्यांतून उतरून वेण्णा कृष्णेला माहुलीला गाठते, कोयना कराडच्या प्रीतिसंगमावर. सावित्री कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते. तो समुद्र इथून सरळ रेषेत 65 किलोमीटरच्या आसपास; पण कृष्णा त्याच्याकडं पाठ फिरवून सुमारे 1400 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. म्हणून तर ती सांगलीच्या वाट्याला आली!

तुम्हीही जा. जुलै-ऑगस्ट टाळा, धुक्यात पुढचं चाक दिसत नाही. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात निघा, पहाटे. घाट ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा, नुसता ब्रेक दाबून बसू नका. आणि मोठी गाडी घेईपर्यंत थांबू नका. माझी शंभर सीसीचीच आहे.