भराव

उलव्याचा डोंगर सुमारे ९० मीटर उंच होता. नवी मुंबईच्या विमानतळासाठी सुरुंग लावून तो कापला. स्फोटांच्या दिवसांत जवळच्या घरांच्या भिंतींना तडे गेल्याच्या तक्रारी झाल्या. निघालेला दगड आणि मुरूम पायथ्याच्या खाजणात टाकला. आता डोंगर आणि खाजण एकाच पातळीवर आहेत.

उलवे नदी वळणे घेत पनवेलच्या खाडीला मिळत असे. तिला आता सरळ खोदलेले पात्र आहे. गाढी नदीही वळवायचे घाटत होते. २०१० मध्ये पर्यावरण मंजुरीच्या वेळी दोन धावपट्ट्यांमधले अंतर १,८०० मीटरवरून १,५५५ मीटरवर आणले आणि गाढी वाचली. वजाबाकीच्या या यादीत तेवढी एक शिल्लक.

भराव सुरू झाल्यावर डुंगी गावात पावसाळ्यात पाणी शिरू लागले. उठवायच्या गावांच्या यादीत डुंगी नव्हते.

मुंबईच्या जुन्या विमानतळावर मिठी नदी धावपट्टीखालून जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. विमानतळ बंद पडला.

त्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच वापरता येते. वर्षाला पाच कोटींहून अधिक प्रवासी तेथून ये-जा करतात. भोवती चहूबाजूंनी वस्ती आहे. दुसरा विमानतळ हवा, यावर फारसा वाद नव्हता. वाद जागेचा होता. रेवस-मांडव्याचे नाव निघाले, कल्याणचेही निघाले. जागा खाडीकाठचीच ठरली. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत विमानतळाला परवानगी नव्हती. २००९ मध्ये नियम बदलला.

विमानतळाची जागा १,१६० हेक्टर. तीत तिवरांचे जंगल होते. ९८ हेक्टर तिवरे जातील आणि त्यांच्या बदल्यात ६१५ हेक्टर क्षेत्र राखले जाईल, असे मंजुरीच्या वेळी ठरले. त्यात वाघिवलीचे कांदळवन उद्यान आले आणि बांधकाम करायचे नाही अशी जमीनही आली. कागदावर बदल्यात मिळालेले गेलेल्याच्या सहापट आहे.

तिवरांच्या मुळांत चिखल धरून राहत असे. त्या चिखलात निवट्या होत्या, चिंबोऱ्या होत्या. निवटीचे बीळ ओळखून हात घालायचा असतो. कोणत्या बिळात चिंबोरी आहे आणि तिची नांगी कोणत्या बाजूला, हे आधी कळावे लागते. बायका ओहोटीला जात आणि दुपारच्या कालवणापुरते घेऊन परतत. जाळे लागत नसे, होडी लागत नसे. त्यामुळे त्याची नोंद मासेमारी म्हणून कुठेच झाली नाही.

खारबांध होते. समुद्राचे पाणी बाहेर ठेवून आत भात घेत. बांधाला उघाडी असे. ओहोटीला ती आतले पाणी सोडी आणि भरतीला मिटे. उधाणात बांधाला खांड गेली की सगळा गाव चिखलाची ढेकळे घेऊन धावे, रात्र असली तरी. ज्याच्या शेतासमोर खांड पडली त्यानेच ती बुजवायची, असे कोणी म्हणत नसे. खारे पाणी एकदा आत आले की पुढची दोन-तीन वर्षे सगळ्यांचेच पीक जाई. बांधाची डागडुजी ही नांगरणीइतकीच नेमाची गोष्ट होती. आता बांध नाही. खांडही नाही.

खाऱ्या जमिनीत राता भात होई. तांबडा, जाड, थोडे मीठ सोसणारा. दुकानात तो क्वचितच येई. त्याची पेज होई आणि भाकरीही. भाकरी तांबूस दिसे. राता पिकवायला खारी जमीन लागत नाही, पण गोड्या जमिनीत तो कोणी लावत नाही.

उघाडीतून जिताड्याची पिल्ले आत येत आणि शेताच्या पाण्यात वाढत. मोठा जिताडा विकत नसत. तो जावयासाठी किंवा साहेबासाठी राखलेला असे.

भरतीची वेळ तिथीवरून काढत. तिथीची पाऊणपट केली की वाजलेले निघतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. हा हिशेब शाळेत न गेलेल्या बायकांना तोंडपाठ होता. त्यांच्या नातवंडांना विमानांच्या वेळा मोबाइलवर दिसतात.

दहा गावे उठली: चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वरचे ओवळे, वाघिवलीवाडा, वाघिवली, उलवे, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे. तीन हजारांहून अधिक कुटुंबे. वाघिवलीवाड्याला केरूमातेची लेणी होती, तीही गेली. वडघर आणि करंजाडे परिसरात भूखंड मिळाले. नव्या वसाहतीचे नाव पुष्पकनगर. पुष्पक हे रामायणातले विमान.

जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के विकसित भूखंड, असा मोबदला ठरला. मोजणी सातबाऱ्यावरून झाली. खाडीचा सातबारा नसतो.

नव्या घरांना स्लॅब आहे, संडास आहे, नळाला पाणी आहे. रस्ते रुंद आहेत. मुलांना कॉलेज जवळ पडते. जाळे वाळत घालायला अंगण नाही. होडी ठेवायला जागा नाही. वसाहतीतून खाडी दिसत नाही.

जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये याच भागात आंदोलन झाले. गोळीबारात पाच जण गेले. आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील होते. विमानतळाला त्यांचे नाव द्यावे म्हणून जून २०२१ मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्यांतल्या कित्येकांची शेते आता विमानतळाच्या कुंपणाच्या आत आहेत.

ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. नेरुळच्या तळ्यांवर भरतीच्या वेळी विसावतात. खाडीचा चिखल पाण्याखाली गेला की त्यांना उथळ जागा लागते. एप्रिल २०२४ मध्ये नेरुळच्या डीपीएस तलावापाशी मेलेले रोहित सापडले. तलावात भरतीचे पाणी येण्याची वाट बुजली होती. २० मे २०२४ च्या रात्री दुबईहून येणारे विमान घाटकोपरजवळ रोहितांच्या थव्याला धडकले. तीसहून अधिक पक्षी मेले. विमान सुखरूप उतरले. ते जुन्या विमानतळावर उतरले. नवा तेव्हा सुरू व्हायचा होता.

तिवरांत कोल्हे होते. रात्री एक ओरडला की पलीकडून दुसरा उत्तर देई. 

८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. २५ डिसेंबरला पहिली प्रवासी विमाने उडाली. धावपट्टी ३,७०० मीटर लांब आहे. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय आहे, सगळे टप्पे झाल्यावर नऊ कोटींची. टर्मिनलचा आकार कमळाचा आहे. कमळ गोड्या पाण्यात येते.

नेरुळ-उरण रेल्वेमार्गावर विमानतळाला सर्वांत जवळचे स्थानक तरघर. गावाचे नाव स्थानकाला दिले आहे.